पानावरची वस्ती

मार्गशीर्षातली सकाळ. राहात्याजवळ मावशीची वस्ती आहे. मी डाळिंबाच्या बागेकडे निघाले की पाठीमागून हाक येतेच, "अगं, दहिवर जाऊ दे आधी. ओल्या पानाला हात लावू नये." मग ऊन चढेपर्यंत बांधावर बसून राहायचं. समोर पानापानाच्या टोकाला एकेक थेंब. पहिल्यांदा मला वाटलं होतं, मावशीला ते थेंब मोडवत नसतील.

खरं कारण होतं तेल्या हा डाळिंबावरचा रोग. 2000 सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने महाराष्ट्रातल्या बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पानावर तेल सांडल्यासारखा डाग पडतो, मग फळावर काळे चट्टे येतात आणि भरत आलेलं फळ तडकतं. हे करणारा असतो झँथोमोनास नावाचा जिवाणू. पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून तो आत शिरतो. पावसाच्या उडालेल्या थेंबाबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर, ओल्या पानांतून फिरलेल्या हातांबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून मावशीने पावसाळी मृग बहार सोडला आणि ती हस्त बहार धरू लागली. पानावर जिवाणू असतात हे आमच्या घराला कळलं ते असं, संकटाच्या रूपाने.

त्यांचं दुसरं रूप मावसबहिणीने दाखवलं. ती तेव्हा राहुरीला, महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकत होती. एक निरोगी, डागसुद्धा नसलेलं पान तिने काचेच्या बशीतल्या अगारच्या जेलीवर हलकेच दाबलं, उचललं आणि झाकण लावून ठेवलं. आठवडाभराने बशीत पान पुन्हा उमटलं होतं. त्याची कड, मधली शीर, देठाकडचा निमुळता भाग, सगळं बारीक बारीक गुलाबी ठिपक्यांचं. गौरी घरात येताना उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं उमटवतात, तशी मला ती खूण वाटली. कुणीतरी इथे राहतं, याची खूण.

ते ठिपके होते मिथायलोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचे. पान वाढताना पेशींच्या भिंती सैलावतात, तेव्हा थोडं मिथेनॉल बाहेर पडतं. त्यावर हे जगतात. त्यांचा गुलाबी रंग त्यांना उन्हापासून जपतो. त्यांच्यातले काही झाडाच्या वाढीला लागणारी द्रव्यंही तयार करतात. आणि पानावर ते एकटे नसतात. पानाच्या 1 चौरस सेंटीमीटरवर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत जिवाणू असू शकतात. शिवाय यीस्ट आणि बुरशी वेगळ्या. 1956 साली याकोबा रुइनेन या डच विदुषीने इंडोनेशियातल्या झाडांच्या पानांवर हवेतलं नत्र धरणारे जिवाणू नोंदवले. पानावरच्या या जगाला 'फायलोस्फिअर' हे नाव रुळलं ते त्याच सुमारास. आपण त्याला पर्णमंडल म्हणू.

या मंडलात जगणं सोपं नाही. दुपारी पान तापतं, वारा ओल पळवतो, अन्न म्हणजे पानातून पाझरलेली चिमूटभर साखर. आमचा नगर, आता अहिल्यानगर, जिल्हा असाच पर्जन्यछायेतला. म्हणून पानावरचे रहिवासी मला परके वाटत नाहीत. तेही सपाट उघड्यावर थोडेच राहतात. शिरेच्या कडेला, पानावरच्या केसाच्या बुडाशी, दोन पेशींमधल्या घळीत, जिथे ओल टिकते तिथे ते दाटीने वस्ती करतात. अंगातून चिकट द्रव्य सोडून त्यात पाणी धरून ठेवतात. हिवरे बाजार गावाने डोंगरउतारावर चर खणून जे केलं, तेच हे केसाहून बारीक जागेत करत आले आहेत.

बहार धरताना मावशी बागेला ताण देते, पानगळ करते. झाडं उघडी होतात आणि पाणी सोडल्यावर तांबूस पालवी फुटते. ते कोवळं पान म्हणजे जवळजवळ रिकामं गावठाण. वारा, माती, किडे, शेजारची झुडपं, सगळीकडून तिथे नवे रहिवासी येतात. निरुपद्रवी मंडळी आधी येऊन बसली आणि पाझरलेली साखर त्यांनी संपवली, तर मागून येणाऱ्या रोगाला तिथे पाय रोवणं जड जातं. मोरचूद फवारलं की ते तेल्यापुरतं थांबत नाही, शेजाऱ्यांनाही लागतं. बाग वाचवायला कधी फवारावंच लागतं, हे मावशीच्या वस्तीवर राहून मला कळतं. पण ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत त्यांनी आपली राखण केलेली असते, एवढं पंपाचा दांडा हातात घेताना आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मावशीला हाक मारावी लागत नाही. मी आपणहून बांधावर थांबते. दिवसभर तहानलेल्या त्या वस्तीवर दहिवर आलेलं असतं, आणि ऊन यायच्या आत पानापानावर पाणी भरणं चाललेलं असतं.