पाझर

लातूरच्या आमच्या जुन्या घरी न्हाणीच्या भिंतीला लागून एक रांजण कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला होता. भर वैशाखातही त्याच्या कडेची माती ओलसर असायची. त्या ओलीवर पुदिना आणि एक कढीपत्ता जगायचा. आजी त्यांना वेगळं पाणी कधीच घालायची नाही. "रांजण पाजतोय की त्यांना," म्हणायची.

१९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती. दिवसभर हातोडा चालवून आल्यावर आडातून खरवडून काढलेल्या एका घागरीत घर चालवायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, न्हाणीचं केळीला. तिच्यासमोर नळ सोडून दात घासायची आमची कधी हिंमत झाली नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, रांजण मात्र वरपासून खालपर्यंत चिरला. त्या जागी निळा प्लास्टिकचा ड्रम आला. पुढच्या उन्हाळ्यात पुदिना जळाला, मग कढीपत्ता. आम्ही ऊन जास्त आहे म्हणत राहिलो. ड्रम पाझरत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ते माझ्या ध्यानात आलं २०१६ साली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी 'जलदूत' आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. रेल्वेने आलेलं ते पाणी कुंडीत ओतायला माझा हात होईना. गच्चीवरचा लिंबू, मोगरा, वांग्याची चार रोपं डोळ्यांदेखत माना टाकत होती.

फडताळात संक्रांतीची सुगडं पालथी पडलेली होती. एक उचललं, पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. सकाळी पाहिलं तर त्याच्या अंगावर घामासारखे बारीक थेंब, आणि खाली ओट्यावर ओलं वर्तुळ. मला रांजण आठवला. त्याच दिवशी सगळी सुगडं एकेका कुंडीत गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर पणत्या झाकल्या, म्हणजे डासही होत नाहीत आणि वाफही जात नाही.

यात जादू काही नाही. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती सुकली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ मंदावते. वरून तांब्या ओतला तर वरचा थर भिजतो आणि दुपारपर्यंत उन्हात उडून जातो. इथे पाणी थेट मुळाशी पोचतं. पावसाळ्यात लिंबाची कुंडी बदलताना सुगड बाहेर काढलं, तर त्याच्या पोटाला पांढऱ्या तंतुमुळांची जाळी घट्ट लपेटलेली होती. हाताने सोडवताना ती तुटतील म्हणून मी तशीच, सुगडासकट, मोठ्या कुंडीत उतरवली.

चुकाही केल्या. बाजारातून हौसेने आणलेली रंगवलेली गाडगी पुरली, ती थेंबभर पाझरली नाहीत. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने दोन-तीन वर्षांत छिद्रं बुजतात. ज्या कारणाने जुन्या माठातलं पाणी गार होईनासं होतं, त्याच कारणाने जुनं सुगडही पाझरेनासं होतं. म्हणून आता पागोळीचं पाणी साठवते. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९ हजार लिटरच्या वर पाणी होतं. तेवढं आपण दर पावसाळ्यात कितीदा गटारात सोडतो, हा विचार मला खरंच छळतो.

यंदा संक्रांतीची सुगडं पुजून झाली की माळ्यावर टाकू नका. एका सुगडात पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी अंग ओलं दिसलं की मोगऱ्याच्या कुंडीत पुरा. आणि अक्षय्य तृतीयेला मातीचा करा आणायला जाल तेव्हा कुंभाराकडून एक मोठं, बिनरंगाचं गाडगं दारातल्या झाडासाठी जास्तीचं घ्या.