पेडर रोडचा चढ

मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, ३५ किलोमीटर उलटल्यावर. एरवी टॅक्सीतून तो जाणवतही नाही. त्या सकाळी पोटऱ्यांचे दगड झाले होते. जानेवारी असूनही हवा दमट. घाम वाळेना, अंग तापतच राहिलं. मी चालू लागलो. कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी संत्र्याची फोड पुढे केली, ‘पळ रे बाळा’ म्हणाल्या. मला त्यांचा चक्क राग आला. का, ते अजून उमगलेलं नाही. हरत असताना कुणी मायेनं बोललेलं सोसत नाही की काय? फोड मात्र खाल्ली. मरीन ड्राइव्हवर घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. पदक मिळालं, ते शर्यत पूर्ण करणाऱ्या सगळ्यांनाच देतात. वेळ गेल्या वर्षीपेक्षा वाईट होती.