पहिला ट्रे बरोबर यायचा

पहिला ट्रे रोज बरोबर यायचा. सकाळी सहाच्या सुमारास नानकटाई निघायची, फिकट बदामी, वर बारीक चिरा पडलेल्या. दुसरा ट्रेही ठीक. आठ वाजत आले की मात्र चौथ्या-पाचव्या ट्रेची बुडं काळी. ओव्हनच्या डिस्प्लेवर तेव्हाही १७०च दिसायचं.

पुण्यातली आमची बेकरी छोटी आहे. एक इलेक्ट्रिक डेक ओव्हन, एक मिक्सर, आणि माझ्या वडिलांच्या वेळेपासून काम करणारे मामा. मामांचं अर्धं आयुष्य लाकडाच्या भट्टीपुढे गेलं. तिथे डिस्प्ले नव्हता. दार उघडून आत हात धरायचा, किती वेळ धरवतो त्यावरून माल लावायचा.

करपायला लागल्यावर तिसऱ्या दिवशीच मामा म्हणाले, "ताई, भट्टी जास्त तापतीय. दार उघडलं की झळ वेगळी लागतीय."

मी डिस्प्लेकडे बोट दाखवलं. "मामा, १७० आहे. तुम्हीच बघा."

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने त्यांना नवा स्मार्टफोन घेऊन दिला होता. कणीक मळताना तो फळीवर ठेवून ते कीर्तन ऐकायचे. माझ्या डोक्यात हिशोब पक्का बसला. पहिले दोन ट्रे लक्ष असतं, मग फोनमध्ये जीव जातो. मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला. ट्रे तरीही करपले. महिनाअखेरीला करपलेल्या मालाचे बाराशे रुपये मी पगारातून कापले. मामा काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की दिवाळीनंतर गावाकडे जाईन म्हणतो.

आपण अन्याय करत नाही आहोत, याचा पुरावा मला हवा होता. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा डायल थर्मामीटर आणला. पहाटे रिकामा ओव्हन चालू केला, वीस मिनिटांनी मामांना बोलावून दाखवलं. डिस्प्लेवर १७०, डायलवर १७०. मामांनी मान हलवली आणि पीठ चाळायला गेले. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

तरी मेकॅनिकला बोलावलं. दुपारी तो आला तेव्हा ओव्हन गार होता. त्याने समजावलं, की हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर चिकटला तर हीटर बंदच होत नाही. पण मग डिस्प्लेवरचा आकडाही वर वर गेला असता. इथे आकडा जागचा हलत नाही, म्हणजे संशय सेन्सरवर. त्याने सेन्सरचं टोक बर्फाच्या पाण्यात धरलं, शून्याच्या आसपास. उकळत्या पाण्यात धरलं, ९८. पुण्याच्या उंचीवर पाणी तेवढ्यालाच उकळतं. सेन्सर पास. मग त्याने कंट्रोलर बदलला. दुसऱ्या दिवशी पाचवा ट्रे पुन्हा काळा.

त्या दिवशी मामा पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात बोलले. "ताई, करपतंय आठला. तुम्ही तपासताय पहाटे, मेकॅनिक तपासतो दुपारी. आठला तपासा की."

इतकं साधं होतं. आठला डायल थर्मामीटर आत ठेवला. डिस्प्लेवर १७०, डायलवर २१०.

मेकॅनिकला त्याच वेळी बोलावलं. त्याने मागचं कव्हर काढलं. सेन्सरच्या वायरला ओव्हनच्या गरम भिंतीला लागूनच एक जोड होता, काळी टेप गुंडाळलेला. जोडापासून कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर. मामांनी ट्रे गार करायचा टेबलफॅन उचलला आणि त्या जोडाकडे फिरवला. डिस्प्लेवरचा आकडा चढायला लागला. १७६, १८४, १९५. खट् आवाज झाला आणि हीटर बंद पडले.

आमच्या ओव्हनमधला सेन्सर म्हणजे थर्मोकपल, दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक गरम आणि दुसरी बाजू गार असली, की त्या फरकाइतका अगदी बारीक व्होल्टेज तयार होतो. १८२१ साली सीबेक यांना हे पहिल्यांदा दिसलं ते होकायंत्राची सुई हलल्यामुळे, आणि त्यांना ते चुंबकत्वच वाटलं होतं. म्हणजे थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन बाजूंमधला फरक मोजतो. कंट्रोलर त्यात स्वतःजवळचं तापमान मिळवून आकडा दाखवतो. त्यामुळे वायर शेवटपर्यंत त्याच धातूंची किंवा त्यासाठीची खास कॉम्पेन्सेटिंग वायर लागते. मध्ये तांबं आलं, की गार बाजू त्या जोडापाशीच संपते. पहाटे जोड गार, आकडा खरा. आठपर्यंत जोड कंट्रोलरपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापलेला, म्हणून आकडा चाळीसने कमी. कंट्रोलर बिचारा हीटर चालूच ठेवणार.

मेकॅनिकने विचारलं, "हा जोड कुणी दिला?"

मला आठवलं. गणपतीच्या आधी ओव्हन खिडकीकडे सरकवला होता. सेन्सरची वायर हातभर कमी पडली. इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, याची वेगळी वायर मिळते, उद्या आणतो. आणि मी म्हटलं होतं, "द्या काहीतरी जोडून, उद्या सकाळी ऑर्डर आहे." करपायला सुरुवात त्यानंतरच झाली होती. पण मला त्या आठवड्यातला फक्त फोन दिसला.

नवा थर्मोकपल एकसंध वायरसकट बसला. खर्च कापलेल्या पगारापेक्षा कमी आला.

मी बाराशे रुपये मामांच्या हातात दिले आणि म्हटलं, "मामा, चूक माझी होती. मी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांनी पैसे न मोजता खिशात घातले. "पाचवा ट्रे लावू का?" त्यांनी विचारलं.

दिवाळीनंतर ते गावी गेले, आणि आठ दिवसांनी परत आले. का आले, ते मी विचारलं नाही. आता फोन फळीवर असतो, कीर्तन चालू असतं. डायल थर्मामीटर ओव्हनमध्येच राहतो आणि मामा सहा, आठ आणि दहा वाजता वहीत आकडे लिहितात. आधी हात धरून बघतात, मग लिहितात.