दोनच

परवा ऑफिसात चहाच्या वेळी विषय निघाला. एका बैठकीत माणूस किती बिस्किटं खातो? आम्ही सहा जण होतो. सगळ्यांचं उत्तर एकच, "दोन. फार तर तीन." मीही दोनच म्हणालो. टेबलावर पार्ले-जीचे चार पुडे होते, ते मात्र रिकामे. आता काय बोलणार!

बिस्किटांच्या बाबतीत माणूस सरसकट खोटं बोलतो. "एक पुडा" म्हणावं तर तेही माप राहिलेलं नाही. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून कंपनीनं वर्षानुवर्षं किंमत तीच ठेवली आणि पुड्याचं वजन उतरवत नेलं. म्हणजे आमच्या लहानपणी पुडा संपवणारा आणि आज संपवणारा सारखेच हावरट नव्हेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वान्सिंक नावाचे प्राध्यापक लोक नकळत किती खातात यावरच्या प्रयोगांसाठी फार गाजले होते. 2018 मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्या संशोधनातच गैरप्रकार निघाले आणि बरेच निबंध मागे घेतले गेले. असो.

माझा विक्रम 16 चा आहे. आणि तो पार्ले-जीचा नाही, नानकटाईचा आहे.

हे होटगीला घडलं, 1984 च्या मे महिन्यात. होटगी म्हणजे सोलापूरजवळचं जंक्शन. मुंबई-मद्रास लाईनवरून गदगची लाईन इथे फुटते, तेव्हा ती मीटरगेज होती. आत्याचे यजमान रेल्वेत, त्यामुळे आमची सुट्टी तिथेच. दर उन्हाळ्यात आत्या मैदा, साखर, डालडा, थोडा रवा आणि वेलदोडे असं सगळं बांधून द्यायची आणि मामा ते घेऊन सोलापूरला बेकरीत जायचे. माल आपला, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. त्या काळी सगळीकडे हीच पद्धत होती. बेकरीत बायकापोरांची ही गर्दी, प्रत्येकाचं आपल्या ट्रेवर लक्ष, आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून! संध्याकाळच्या गाडीनं मामा तेलाचा चौकोनी डबा खांद्यावर घेऊन उतरले की डब्याआधी वास घरात यायचा.

आत्या तो डबा पुन्हा उपसून लावायची. एका थरात चार ओळी, ओळीत चार, वर वर्तमानपत्राचा कागद, मग पुढचा थर. महिनाभराच्या आल्यागेल्याची ती सोय.

दुपारी घर झोपलेलं. सोलापूरचं ऊन काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. मी डब्याशी बसलो आणि कागद लागेपर्यंत खात गेलो. झाकणाच्या आवाजानं आत्या उठली होती की नाही, कोण जाणे. मी तोंड पुसत मागे वळलो तर ती दारात उभी. शेजारपाजार सगळा कानडी, त्यामुळे तिच्या मराठीतही कानडी शब्द यायचे. "साकु?" एवढंच म्हणाली. म्हणजे पुरे का? आणि तांब्याभर पाणी दिलं.

रात्री पोट बिघडलं. वडिलांनी दरडावून विचारलं, किती खाल्ल्यास? मी म्हणालो, "दोन." आत्या तिथेच ओवा भाजत होती. थर तिनेच लावलेला, चार चोक सोळा तिला पाठ. ती काही बोलली नाही.

त्या डब्यातल्या साखरेसाठी रेशनची साखर बाजूला पडावी म्हणून तीन महिने त्या घरात गुळाचा चहा झाला होता, हे आतेबहिणीनं मला फार उशिरा सांगितलं.

2014 मध्ये आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पुण्याला आली. मधुमेह होताच. पहिल्याच संध्याकाळी चहाबरोबर मारी ठेवली होती. मारीत साखर नसते असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. पुड्याच्या मागचा तक्ता एकदा वाचा. मी वाचला होता, हीच तर अडचण. आत्याचा हात तिसऱ्या बिस्किटाकडे गेला आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आत्या, दोनच हं."

तिनं अर्धं मोडलं होतं. ते दोन्ही तुकडे तिनं बशीत नीट एकाला एक लावून ठेवले. हसून म्हणाली, "साकु, बाबा."

आठ दिवस राहिली. पुन्हा बिस्किटाला हात लावला नाही, चहा नुसता प्यायली. बायकोनं रात्री मला विचारलं, "तुला काय गरज होती?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणालो. ते खरंच होतं. बशीत दोनच ठेवून आणली असती तरी चाललं असतं, हे त्या वेळी सुचलं नाही. मोजलं तर तिनंही होतं ना, त्या मे महिन्यात.

पुढच्या वर्षी ती गेली. ऑफिसात आम्ही सहा जण दोन-दोन म्हणत होतो तेव्हा मला बशीतले ते जुळवलेले तुकडे दिसत होते.

गेल्या दिवाळीत होटगीला गेलो होतो. गदगची लाईन केव्हाच ब्रॉडगेज झाली आहे. आतेबहिणीनं नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये केली होती, भट्टीची चव नाही पण वास तोच. तिनं बशी पुढे केली. मी दोन घेतल्या.

"बस? डबा आणू का?" म्हणाली.

आण म्हणालो.