चढ्या स्वराचा क्लॅरिओनेट

गेल्या जुलै महिन्यात आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगी पुण्यास कॉलेजात असून तेथील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात क्लॅरिओनेट वाजविण्याकरिता तिची निवड झाली होती. कॉलेजचे वाद्य पहिले वर्षभर वापरावयास मिळते, पुढे ज्याने त्याने आपले आणावे, असा तेथील नियम. नव्या वाद्याची किंमत ऐकून त्या गृहस्थांचे धाबे दणाणले होते. ते म्हणाले, "सर, जुने कोठे मिळेल? आणि घेताना फसू नये म्हणून काय पाहावे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस नीटसे देता आले नाही. दुसऱ्याचे मात्र आम्ही पदरचे पैसे मोजून शिकलो आहो.

पदरचे म्हटले खरे, परंतु ते पैसे वडिलांचे होते. सन १९९९ मध्ये आम्ही मुंबईस मिशनच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होतो. नाताळच्या उत्सवात हँडेलच्या 'मसाया'तील हालेलुया कोरस गावयाचा, साथीस पियानो आणि आम्हां विद्यार्थ्यांचा लहानसा वाद्यवृंद, असा बेत ठरला होता. बोर्डिंगातील बँडात शिकलेले दोन हात आमच्या अंगी होते, पण वाद्य नव्हते. धोबी तलावाच्या बाजूस वाद्यांच्या दुकानांच्या काचांपुढे आम्ही कितीदा उभे राहिलो असू, याची गणती नाही. अखेरीस कोणी सांगितले म्हणून चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर गेलो. ग्रामोफोनचे कर्णे, झुंबरे, जहाजावरील होकायंत्रे यांच्या गर्दीत एका फळीवर तो पडला होता. शिसवाच्याच कुळातील आफ्रिकी काळ्या लाकडाची ती नळी, तिजवर लंडनच्या कारागिराचा शिक्का, चाव्या काळवंडलेल्या तरी शाबूत. दुकानदाराने अडीच हजार सांगितले, अठराशेंस सौदा झाला. पुस्तकांकरिता घरून आलेली रक्कम नेमकी तेवढीच होती. पुस्तके ग्रंथालयात बसून वाचू, अशी मनाची समजूत घातली. वडिलांस मात्र कळविले नाही.

घेण्यापूर्वी आम्ही तो वाजवून पाहिला नाही असे नव्हे. उपासनेतील एका गीताची चाल तेथल्या तेथे वाजविली. ती इतकी गोड उतरली की, शेजारचा दुकानदारही डोकावून गेला. एकट्याने वाजविलेल्या वाद्यास खोटे पाडणारे तेथे दुसरे काहीच नव्हते, ही गोष्ट त्या वेळी ध्यानी आली नाही.

पहिल्या तालमीस पियानोबरोबर आम्ही पहिला स्वर लावला आणि सर्वांनी माना वळविल्या. आमच्या दिग्दर्शकांनी मुखनलिकेखालचा आखूड जोड थोडा बाहेर ओढावयास सांगितला. नळी लांब झाली की स्वर उतरतो. तसा तो उतरलाही. परंतु वरच्या छिद्रांचे स्वर फार उतरले व खालच्या छिद्रांचे थोडे, त्यामुळे आता वाद्य स्वतःशीच भांडू लागले! त्यांनी ते दिव्याखाली नेले आणि कारागिराच्या शिक्क्याखाली नखाने दाखविले. तेथे 'एच. पी.' अशी दोन बारीक अक्षरे होती. आम्ही ती बाजारातच पाहिली होती व कारागिराच्या नावाची आद्याक्षरे असावीत असे समजलो होतो. त्यांचा अर्थ 'हाय पिच', म्हणजे चढा स्वर.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी बँडांनी आपला स्वर फार चढवून ठेविला होता. 'ए' हा जो लावणीचा स्वर, त्याची सेकंदास सुमारे ४५२ कंपने ते धरीत. सुमारे १९२८ पर्यंत ही चाल टिकली. पुढे १९३९ साली लंडन येथे भरलेल्या परिषदेने ४४० हा आकडा ठरविला, आणि पियानो त्याप्रमाणे लावू लागले. या दोहोंतील अंतर जवळ जवळ अर्ध्या अर्धस्वराएवढे आहे. तंतुवाद्याची खुंटी पिळता येते. लाकडात पाडलेली छिद्रे कशी सरकवावी? पलटणींच्या बँडांबरोबर अशी वाद्ये हिंदुस्थानात पुष्कळ आली आणि मागे राहून जुन्या बाजारांत पोहोचली. ती वाईट नसतात. उलट त्यांची कारागिरी पाहत राहावी अशी असते, आणि तेवढ्यामुळेच नवखा मनुष्य भुलतो.

आता जे सांगावयाचे ते आजवर वर्गात सांगितले नाही. आमच्याहून एक वर्ष मागे असलेला एक विद्यार्थी वाद्याच्या शोधात होता. त्यास आम्ही वसतिगृहाच्या खोलीत, दार लावून, तीच गीताची चाल वाजवून दाखविली. तो हरखून गेला. दोन हजार रुपये, दहा-दहाच्या व पन्नासच्या नोटा, त्याने आमच्या खाटेवर मोजून ठेविल्या. जिना उतरताना तो मागे वळून म्हणाला, "दादा, एकदा पियानोबरोबर लावून पाहू या का?" आम्ही म्हणालो, "पियानोच्या खोलीला आज कुलूप आहे." कुलूप नव्हते.

खोट्या तराजूविषयीचे नीतिसूत्रांतील वचन आम्ही रविवारच्या शाळेत पाठ म्हणून दाखवून बक्षीस मिळविले होते. दोन रात्री ते आठवत राहिले. तिसऱ्या दिवशी त्या मुलास आम्ही पियानोच्या खोलीत नेले, झाकण उघडले आणि स्वर लावावयास सांगितले. दोन स्वर एकापुढे एक येताच त्याचा चेहरा उतरला. आम्ही पैसे परत केले. त्याने ते मोजून घेतले. त्यानंतर वर्षभर तो आमच्याशी बेताने बोलत असे, आणि ते योग्यच होते.

दिवाळीच्या सुटीत घरी, मिरजेस, वाद्य घेऊन गेलो व वडिलांपुढे सर्व कबूल केले. ते रागावले नाहीत. त्यांनी न घेतलेल्या पुस्तकांची यादी तेवढी मागितली; रागावते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी ते आम्हांस आपल्या ओळखीच्या एका वृद्ध सतारमेकरांकडे घेऊन गेले. त्यांनी क्लॅरिओनेट हाती घेतला नाही. आम्हांस एक लांब स्वर धरावयास लावून तंबोऱ्याच्या तारा त्याबरोबर मिळविल्या. मग आम्ही आरोह-अवरोह केला. म्हातारबोवा डोळे मिटून ऐकत होते. वडिलांस म्हणाले, "मास्तर, वाद्य बेसूर नाही. त्याचा षड्ज निराळा आहे, एवढेच. याला पियानोच्या घरात कशाला कोंडता?" त्यांच्याच आळीत तंबोऱ्यावर भजने वाजविणारे एक गृहस्थ होते. त्यांस सर्व दोष आधी सांगितला. ते हसले व बाराशे रुपयांस वाद्य घेऊन गेले. ज्याने त्याने आपला षड्ज धरावा ही सोय आपल्या संगीतात आहे, वाद्यवृंदात ती नाही. यात कोणते श्रेष्ठ, या वादात आम्ही पडत नाही.

नोव्हेंबरात दिग्दर्शकांनी आम्हांस धोबी तलावाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गोमंतकीय वादकांकडे धाडिले. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी आयुष्य घालविले होते. विजेवर चालणारी वाद्ये आली आणि त्यांचे बोलावणे थांबले. बूझी अँड हॉक्स कंपनीचा, 'एजवेअर' जातीचा, लाकडी पण तडा सांधलेला एक क्लॅरिओनेट त्यांच्याजवळ जादा होता. किंमत चार हजार. बाराशे रोख व पुढे चौदा महिने दरमहा दोनशे, असे ठरले. ते आम्ही शिकवण्या करून फेडले. सौदा करण्याआधी त्यांनी आम्हांसच परीक्षा घ्यावयास लाविली. खालचा जोड बोटांनी बंद करून खालच्या टोकास तळहात दाबावा व वरून हवा ओढावी. क्षणभर जीभ चिकटली पाहिजे, न चिकटल्यास चाव्यांखालच्या गाद्या गेल्या असे समजावे व त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. वरच्या जोडाचेही तसेच. लाकूड तिरप्या उजेडात फिरवून तडा शोधावा. सांधलेला तडा हे वाद्य नाकारण्याचे कारण नव्हे, किंमत पाडण्याचे आहे. सांध्यांवरील बुचे वाळून सैल झाली असतात, ती थोडक्यात होतात. चाव्यांच्या चकाकीस मुळीच भुलू नये. चाव्या सतरा आणि कडी सहा असली म्हणजे ती बोम पद्धत. हल्लीची शिकण्याची बहुतेक पुस्तके तिचीच असतात. तेरा चाव्यांचे जुने वाद्य स्वस्त मिळते, परंतु त्याची बोटे निराळी. आणि स्वर पियानोबरोबर पाहावयाचा तो एक नव्हे, तळापासून वरपर्यंत सर्व.

नाताळात हालेलुया झाला. वडील मिरजेहून आले होते व मागच्या बाकावर बसले होते.

हे सर्व त्या पालकांस सांगितले. त्यांच्याबरोबर आतापर्यंत तीन वाद्ये पाहून आलो. एक तेरा चाव्यांचे निघाले, एकाचा वरचा जोड एका वाद्याचा व खालचा दुसऱ्याचा होता, तिसरे चांगले होते पण मालकास ऐन वेळी विकवेना. प्लॅस्टिकचे चालेल काय, असे मुलीने भीतभीत विचारले आहे. अवश्य चालेल, ते तडकत नाही, आणि शिकणाऱ्यास पावसाळ्यात तेच सोयीचे. वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत असे वाद्य पडून असेल, तर त्यांनी शाळेच्या पत्त्यावर आम्हांस कळविण्याची कृपा करावी. मात्र शिक्क्याखालची अक्षरे तेवढी आधी पाहून घ्यावी.