मोजे वर ओढा!

‘कष्ट कर’ असं सरळ सांगणं इंग्रजांना रुचत नसावं. ते माणसाला काहीतरी कृती करायला लावतात. ‘नकल डाऊन’ म्हणजे बोटाचं पेर जमिनीला टेकव. हा शब्द गोट्यांच्या खेळातला. नेम धरताना पेर उचललं, की तो रडीचा डाव! ‘बकल डाऊन’ ही तर आपल्या कंबर कसण्याची मावसबहीणच. आणि ‘एल्बो ग्रीस’ म्हणजे कोपराचं वंगण. कामावर नव्यानं आलेल्या पोराला ते विकत आणायला दुकानात पिटाळायचं, ही तिकडची जुनी थट्टा आहे.

मला भय वाटतं ते धारेच्या दगडाला नाक लावण्याचं. आज त्याचा अर्थ मान मोडून काम करणं असा आहे. पण जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकात पाहावं, तर तिथं नाक एकाचं आणि ते दगडाला धरणारा हात दुसऱ्याचा! सूड उगवण्याची ती भाषा. पुढं तिचाच उपदेश झाला.

परवा एका विद्यार्थ्यानं इंग्रजीची उत्तरपत्रिका माझ्यापुढं धरली. तीवर तांबड्या शाईचा शेरा होता – ‘पुल अप युवर सॉक्स!’ हा मुलगा पहाटे घरोघर दुधाच्या पिशव्या टाकून कॉलेजला येतो.

‘‘सर, म्हणजे काय?’’

‘‘मोजे वर ओढ. म्हणजे, नेट लावून अभ्यास कर.’’

त्यानं आपल्या स्लिपरांकडं पाहिलं आणि तो हसला. ‘‘मग सर, आधी मोजे घ्यायला हवेत!’’

शेरा खोटा नव्हता. गुण खरोखरच कमी होते. पण तो लिहिताना मुलाच्या पायांकडं कुणी पाहिलं नव्हतं.

आपल्या मराठीत कंबर कसायला मोजे लागत नाहीत, हे खरं. धोतर असो, लुगडं असो, पँट असो, कंबर प्रत्येकालाच असते. पण म्हणून मी मराठीची पाठ थोपटणार नाही. पहाटे चारला ज्यानं कंबर कसली, त्याला अकराच्या तासाला पुन्हा ‘कस’ म्हणून सांगणारे आपण कोण? त्याला कमी पडतो तो वेळ. आणि तांबड्या शाईनं तो कुणालाच देता येत नाही.