माझ्या मोटारीची परीक्षा

मुलांच्या परीक्षेच्या दिवशीं शाळेच्या फाटकाबाहेर ताटकळणारे आईबाप पाहिले कीं पूर्वीं मला हसूं येत असे. परीक्षा मुलाची आणि घाम मात्र बापाला! परंतु २०२२ सालच्या मे महिन्यांत एके सकाळीं मी स्वतःच अशा एका फाटकापाशीं उभा होतों, आणि माझ्या कपाळावरचा घाम केवळ उन्हाचा खास नव्हता. परीक्षा द्यावयाची होती ती माझ्या मोटारीला.

ही मोटार म्हणजे १९७७ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची ही फियाट ११०० मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागली, आणि पुढें तिचें दुसरें बारसें होऊन चितोडच्या राणीचें नांव तिला मिळालें. वडिलांनीं ती घरीं आणली तेव्हां मी शाळेंत होतों. इंजिन अवघें १०८९ घनसेंटिमीटरचें; गिअरचा दांडा पायाशीं नसून स्टिअरिंगलाच बसविलेला; पुढची बैठक म्हणजे एक अखंड बाकच, आणि रंग पिस्त्याचा. दर रविवारीं सकाळीं वडील ती स्वतःच्या हातानें धूत, पुशीत, आणि मग अंगणांत चार पावलें मागें सरून तिच्याकडे पाहत उभे राहत. ते गेल्यावर तें व्रत माझ्याकडे आलें. “घरांतल्या माणसांची कधीं एवढी विचारपूस केली नाहींत,” असें आमच्या घरांत अधूनमधून म्हटलें जातें. पण मीं कपडा खालीं ठेवला कीं चहाचा पेलाही मोटारीपाशींच आणून दिला जातो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर दर पांच वर्षांनीं तिला सरकारी निरीक्षकापुढें उभी करून, ती रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे असा दाखला घेऊन, नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. पूर्वीं ह्याचें शुल्क सहाशें रुपये होतें, तें १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार झालें. परंतु पैसे गेल्याचें दुःख चार दिवसांचें. माझें भय निराळेंच होतें. मागच्या खेपेस मोटारीच्या सांगाड्यावरील क्रमांकाची पेन्सिलीनें कागदावर छाप घ्यावयाची होती. अंक नीट उमटेनात म्हणून तेथल्या एका मदतनिसानें खिशांतून काचकागद काढला, आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत तळहाताएवढा मूळचा रंग खरडून टाकला! दुसऱ्या एका गृहस्थानें तिसरा गिअर समजून भलताच गिअर टाकतांना जो आवाज काढला, तो आठवला कीं अजूनही माझे दांत शिवशिवतात. आपली प्रिय वस्तु परक्या हातांत देण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला माझी ही व्यथा अधिक फोडून सांगावयास नको.

म्हणून ह्या खेपेस मीं लग्नघरासारखी तयारी केली. क्रमांकाचे अंक रॉकेलांत भिजविलेल्या कुंचल्यानें स्वतः उजळले. दिवे, इशाऱ्याचे दिवे, भोंगा, कांच पुसणारीं पातीं हें सर्व दोनदां तपासलें. निरीक्षकांच्या कमरेच्या पट्ट्याचें बक्कल दाराला लागूं नये म्हणून एक जुना मऊ पंचा बरोबर घेतला. आदल्या संध्याकाळीं मोटारीला असें कांहीं पॉलिश केलें कीं माझी पांच वर्षांची नात तिच्या दारांत स्वतःचें प्रतिबिंब पाहून वेणी घालावयास बसली. दाखला मिळाला कीं पुढच्या रविवारीं तिला पुढच्या बाकावर बसवून वाईला न्यावयाचें, असें ठरलें होतें.

निरीक्षक पुढें आले ते अगदीं तरुण. मोटारीचें वय त्यांच्या वयाच्या दीडपट तरी असावें! मीं लगबगीनें म्हटलें, “साहेब, एक विनंति आहे. रंगाला तेवढा हात लावूं नये.”

ते हसले. “बरं काका, नाहीं लावत.” मग त्यांनीं आंत डोकावून विचारलें, “पण ह्याचा गिअर कुठं आहे?”

तो कसा टाकावा हें मीं दाखविलें. त्यांनीं तो अपेक्षेपेक्षां हळुवारपणें टाकला, आणि मी शेजारीं बसून श्वास रोखून धरला. थोडें अंतर जातांच त्यांनीं जोरानें ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबतांना डावीकडे ओढली गेली. त्यांनीं पुन्हां एकदां तसेंच केलें, आणि गाडीही पुन्हां तशीच ओढली. ते कांहीं न बोलतां उतरले, गुडघे टेकून बसले, पुढच्या उजव्या चाकाच्या आंतल्या बाजूस हात घातला, आणि ओलीं झालेलीं बोटें नाकाशीं धरलीं.

“काका, ब्रेकचं तेल गळतंय.”

मी ओशाळून म्हणालों, “पण साहेब, मी तर दर रविवारीं गाडी स्वतः पुसतों.”

“तें दिसतंच आहे,” ते म्हणाले. “तुम्ही रंगाला हात लावूं नका म्हणालांत, म्हणून मीं खालीं हात घातला. दुरुस्त करून पुन्हां आणा.”

माझी मोटार नापास झाली! घरीं येईपर्यंत मी त्या तरुणावर मनांतल्या मनांत चडफडत होतों. ज्यानें आयुष्यांत असली गाडी कधीं चालविली नाहीं, त्यानें मला तिचा दोष दाखवावा? ग्रंथकाराला टीकाकाराविषयीं जें वाटतें, तेंच मला वाटलें असावें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं चाक उतरवून ड्रम काढला. ह्या मोटारीची ब्रेकची योजना साधी आहे. पायानें दाबतांच तेल नळ्यांतून चाकांपर्यंत ढकललें जातें, तेथल्या लहानशा सिलिंडरांतील दट्ट्या बाहेर सरतो, आणि लायनर ड्रमला घट्ट भिडतात. आमच्या उजव्या चाकाच्या सिलिंडरांतलें रबर कुजलें होतें. त्यांतून पाझरलेल्या तेलानें लायनर चिंब झाले होते, म्हणून तें चाक धरीत नव्हतें. सारा भार डाव्या चाकावर पडत होता. मिस्त्रींनीं तें रबर चिमटींत धरतांच त्याचा चुरा झाला.

“साहेब, वाईला जाणार होतां ना?” त्यांनीं विचारलें. “खंबाटकी उतरून?” आणि पुढें ते कांहींच बोलले नाहींत.

पुढचें मला बोलावयास नको होतें. उतरणीवर पाय दाबावा आणि तो नुसता खालीं जावा. शेजारच्या बाकावर, धरावयास कांहीं नसलेली ती पोर. खरें सांगावयाचें तर खुणा मला आधींच मिळाल्या होत्या. दोन महिन्यांत दोनदां ब्रेकचें तेल कमी झालेलें मीं पाहिलें होतें, आणि वरून भरून मोकळा झालों होतों. गाडी डावीकडे ओढते हेंही जाणवलें होतें; पण रस्त्यालाच तिकडे उतार असेल, अशी मीं माझी समजूत घातली होती. परक्या मनुष्यानें हीच गोष्ट सांगितली असती तर त्याला मी हलगर्जी म्हटलें असतें. माझ्या गाडीच्या बाबतींत मात्र मी वकील झालों होतों. तिचा दोष दिसला कीं तिच्या वतीनें सबब काढावयाची!

इंग्लंडांत जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० सालीं सुरू झाली. २०१८ च्या मे महिन्यापासून मात्र चाळीस वर्षांवरील आणि फारसा फेरबदल न केलेल्या मोटारींना तेथें ह्या तपासणींतून सूट देण्यांत आली. असल्या मोटारी त्यांचे मालक जिवापाड जपतात, असा त्या सूटीमागचा विचार. ती बातमी वाचली तेव्हां मी टाळी वाजविली होती, आणि आपल्या सरकारला हें केव्हां सुचणार म्हणून हळहळलोंही होतों. आतां माझी टाळी वाजत नाहीं. आम्ही मालक जपतों हें खरें. पण जें डोळ्यांना सुख देतें तेंच आम्ही जपतों, आणि जें ओणवें होऊन, हात काळे करून पाहावें लागतें, तें नीटच असणार असें मानून चालतों. वडील रविवारीं चार पावलें मागें सरून मोटारीकडे पाहत, हें मला आठवत होतें. त्याआधीं ते सतरंजी पसरून अर्धा तास तिच्या खालीं निजत, हें मात्र मी सोयीस्करपणें विसरलों होतों.

नवीं रबरें, नवे लायनर बसले. नळ्यांतली हवा काढतांना मिस्त्री आंत बसून ब्रेक दाबीत होते आणि मी तेल ओतीत होतों. माझा हात किंचित् हलला आणि चार थेंब मडगार्डावर पडले. ब्रेकचें तेल रंगाला खातें. तेथल्या तेथें भरपूर पाणी ओतावें, हा त्यावरचा उपाय. पण मी घाबरून फडक्यानें पुसूं लागलों आणि तें आणखीच पसरलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथला रंग फुगून सुपारीएवढा पापुद्रा निघून आला. ज्या रंगासाठीं मीं साऱ्या परिवहन कार्यालयाशीं वैर मांडलें होतें, त्याला खरी इजा झाली ती माझ्याच हातून.

पुढच्या आठवड्यांत ते निरीक्षक पुन्हां भेटले. त्यांनीं ब्रेक दाबला; गाडी रेघेंत थांबली. त्यांनीं वांकून चाकाच्या आंत हात घातला. ह्या खेपेस त्यांची बोटें कोरडी होतीं. कागदांवर सही करतां करतां त्यांचें लक्ष मडगार्डाकडे गेलें.

“काका, हा डाग आमच्याकडे पडला का?” त्यांनीं काळजीनें विचारलें.

“नाहीं साहेब,” मीं सांगितलें, “तो माझा आहे.”

रंगाऱ्यानें मागाहून तो बुजवून देतों म्हटलें. मीं अजून होकार दिलेला नाहीं. रविवारीं मोटार पुसतांना हात त्या जागेपाशीं आला कीं मी कपडा खालीं ठेवतों, सतरंजी पसरतों, आणि आधीं चाकांच्या आंत हात घालून पाहतों. नातही आतां शेजारीं येऊन पालथी निजते, आणि तिचीं बोटें कोरडीं आहेत हें मला मोठ्या गंभीरपणें दाखविते.